माजी सैनिक, वीरपत्नी आणि अवलंबितांचे हक्क: ईसीएचएस, अपंगत्व पेन्शन आणि कुटुंब पेन्शनबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे भूदल, नौदल आणि वायुदलातून निवृत्त झालेले जवान, जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर), अधिकारी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहेत. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना. वाचण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. पॉलिक्लिनिक (ईसीएचएसचा दवाखाना) असो, रुग्णालय असो की रेकॉर्ड ऑफिस (सेवेच्या नोंदी ठेवणारे कार्यालय), तोंडी नकारावर अपील करता येत नाही. "साहेब नाही म्हणाले" एवढ्यावर कोणतेही न्यायालय काही करू शकत नाही. म्हणून अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि नकारही लेखी मागा.

कायद्याच्या नजरेत "माजी सैनिक" कोण? चार-पाच वर्षे नोकरी करून स्वतःहून घरी आलेला जवान त्यात बसतो का?

सहसा बसत नाही. पेन्शन मिळण्याइतकी सेवा करून निवृत्त झालेला, सेवेमुळे आलेल्या अपंगत्वावरून वैद्यकीय कारणाने बाहेर पडून अपंगत्व पेन्शन घेणारा, किंवा कराराची ठरलेली मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटी घेऊन आलेला, हे माजी सैनिक धरले जातात. पेन्शन पक्की होण्याआधी स्वतः अर्ज करून सुटलेला, तसेच शिस्तभंगावरून बडतर्फ झालेला या व्याख्येबाहेर राहतो. डिस्चार्ज बुकात सुटण्याचे कारण लिहिलेले असते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ओळखपत्र देताना तीच ओळ वाचते, त्यामुळे अर्जाला निघण्याआधी तुम्हीही ती वाचा.

आणि माजी सैनिक असणे वेगळे, ईसीएचएसला पात्र असणे वेगळे. ईसीएचएससाठी साधारणपणे पेन्शन, अपंगत्व पेन्शन किंवा कुटुंब पेन्शन चालू असावी लागते.

ईसीएचएसची वर्गणी किती? दरवर्षी भरावी लागते का?

नाही, आयुष्यात एकदाच. ही योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. सातव्या वेतन आयोगानंतरचे दर असे: रिक्रूटपासून हवालदारापर्यंत आणि नौदल-वायुदलातील समकक्ष हुद्द्यांना ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर आणि मानद लेफ्टनंट-कॅप्टन यांना ६७,००० रुपये, अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये. रुग्णालयातील वॉर्डही याच क्रमाने मिळतो: जनरल, सेमी-प्रायव्हेट आणि प्रायव्हेट. वरचा वॉर्ड हवा असेल तर फरक खिशातून जातो, आणि तो फक्त खोलीच्या भाड्याचा असतो असे समजू नका. बरीच रुग्णालये वरच्या वॉर्डात गेल्यावर इतर दरही वाढवतात. सही करण्याआधी आकडा लेखी घ्या.

१ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धात पती गमावलेल्या वीरपत्नींना वर्गणी माफ आहे. सदस्य वारल्यावर त्याच्या पत्नीने पुन्हा वर्गणी भरायची नसते. तिने मुख्य सदस्य म्हणून आपल्या नावाचे नवे कार्ड करून घ्यायचे.

माझी निवृत्ती १९९८ ची. मी सदस्य झालो नाही तर?

१ एप्रिल २००३ पूर्वी निवृत्त झालेल्यांना निवड आहे: ईसीएचएस घ्या किंवा दरमहा १,००० रुपयांचा वैद्यकीय भत्ता घ्या. दोन्ही एकत्र मिळत नाहीत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांना सदस्यत्व सक्तीचे आहे. आमचे मत विचाराल तर वर्षाच्या बारा हजारांत एक अँजिओग्राफीही नीट होत नाही. भत्ता घेणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी मधुमेह किंवा हृदयविकार आहे त्यांनी पुन्हा विचार करावा.

कार्डावर कोणाकोणाची नावे घालता येतात?

पत्नी किंवा पती. मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत, किंवा त्याआधी कमावता झाला अथवा त्याचे लग्न झाले तर तोपर्यंत. मुलीला वयाची अट नाही. ती कमावती होईपर्यंत किंवा तिचे लग्न होईपर्यंत पात्र असते. विधवा किंवा घटस्फोटित होऊन तुमच्यावर अवलंबून राहिलेली मुलगीही पात्र असते. कायम अपंगत्व असलेल्या अपत्याला २५ वर्षांनंतरही लाभ मिळतो, मात्र त्यासाठी प्रमाणपत्र लागते. आई-वडील तुमच्यावर अवलंबून असले आणि सर्व मार्गांनी त्यांचे उत्पन्न महिना ९,००० रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता एवढ्याच्या आत असले, तर तेही.

घोळ बहुधा दोन ठिकाणी होतो. पहिला, आई-वडिलांच्या उत्पन्नात शेती आणि भाडेही मोजतात हे लोक विसरतात. दुसरा, मुलीचे लग्न झाले किंवा मुलगा नोकरीला लागला, तरी कार्ड घरातच पडून असते आणि एखाद्या रात्री ते वापरले जाते. पात्रता संपलेल्या कार्डावर उपचार घेतले तर पूर्ण बिलाची वसुली होते आणि मुख्य सदस्याच्या सुविधेवरही गदा येते. बदल झाला की ऑनलाइन कळवा आणि ते कार्ड बंद करून घ्या.

पॉलिक्लिनिकने रेफरल (पुढच्या उपचारांसाठी पाठवण्याचे पत्र) द्यायला नकार दिला. मला हवे त्या रुग्णालयात पाठवणे त्यांना बंधनकारक आहे का?

रोगाला रेफरल लागतो की नाही हे पॉलिक्लिनिकचा डॉक्टर ठरवतो. तो त्याचा अधिकार आहे. जवळच्या लष्करी रुग्णालयात ती सोय आणि जागा असेल तर तो तुम्हाला तिकडेही पाठवू शकतो. पुण्यात कमांड हॉस्पिटल, मुंबईत आयएनएचएस अश्विनी असताना हे वारंवार घडते. रेफरल पॅनेलवरील, म्हणजे ईसीएचएसच्या मान्यताप्राप्त यादीतील, खासगी रुग्णालयासाठी निघाला, तर मात्र यादीतील त्या विषयाच्या रुग्णालयांपैकी निवड तुमची. ठरावीक एकाच रुग्णालयाकडे ढकलले जात असेल तर ती तक्रारीची बाब आहे.

रुग्णालय पॅनेलवर आहे म्हणजे त्यातला प्रत्येक विभाग पॅनेलवर आहे असे नसते. हाडांसाठी मान्यता असलेल्या रुग्णालयात मेंदूची शस्त्रक्रिया करून घेतली तर ते बिल अडकणार. रेफरल घेताना खिडकीवरच विचारा: "या रुग्णालयाला या विषयाची मान्यता आहे का?" पत्रावरची मुदतही तिथेच वाचून घ्या. मुदत उलटल्यावर गेलात तर रुग्णालय परत पाठवते, आणि ते चूकही नसते.

कार्ड साताऱ्याच्या पॉलिक्लिनिकचे आणि तुम्ही मुलाकडे पुण्यात राहताय, तरी अडत नाही. देशातील कोणत्याही पॉलिक्लिनिकमध्ये दाखवता येते. मुक्काम कायमचा असेल तर मूळ पॉलिक्लिनिक बदलून घ्या. नियमित औषधे मिळवताना पुढे सोपे जाते.

पॅनेलवरच्या रुग्णालयाने आधी डिपॉझिट भरा म्हणून सांगितले. भरायचे का?

वैध रेफरल आणि कार्ड असेल तर उपचार रोखविरहित असतात. रुग्णालयाने ईसीएचएसशी तसा करार केलेला असतो. बिल ते थेट ईसीएचएसकडे पाठवतात आणि सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दराने पैसे घेतात. थकीत बिलांमुळे काही रुग्णालये रुग्णांना टाळतात, "बेड नाही" म्हणतात. थकबाकीची त्यांची तक्रार खरीही असते, पण तिचा भार रुग्णावर टाकायची मुभा करारात नाही.

अशा वेळी काउंटरवर वाद घालत बसू नका. रुग्णालयातील ईसीएचएस कक्षाच्या माणसाचे नाव विचारा, "डिपॉझिट मागितले" किंवा "दाखल करून घेण्यास नकार" असे त्यांच्याकडून लिहून मागा. ते देणार नाहीत. मग तुम्हीच तिथल्या तिथे पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्याला वेळ, तारीख, रुग्णाचे नाव आणि कार्ड क्रमांकासह संदेश आणि ईमेल करा. त्याची प्रत प्रादेशिक केंद्राला द्या. नाइलाजाने पैसे भरावे लागले तर पावतीवर "डिपॉझिट" असा शब्द आहे ना ते पाहा. नुसत्या "ॲडव्हान्स"वर पुढे शब्दांचा खेळ होतो, आणि पावतीच नसेल तर पैसे गेले असे समजा.

रात्री दोनला छातीत दुखायला लागले. रेफरल कुठून आणायचा?

आणीबाणीत रेफरल लागत नाही. जवळचे रुग्णालय गाठा. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, श्वास अडकणे, पोटात अचानक उठलेली तीव्र कळ, जीवघेणी जखम, भाजणे, विजेचा धक्का, विषबाधा, सर्पदंश ही सारी आणीबाणीत मोडतात. पुढची वाट कशी असेल हे रुग्णालय कोणते यावर ठरते.

रुग्णालय पॅनेलवरचे असेल तर दाखल करतानाच कार्ड दाखवा. ते ऑनलाइन आणीबाणीची सूचना पाठवतात, पॉलिक्लिनिक ती मंजूर करते आणि पुढचे सगळे रोखविरहित होते. इथे एकच चूक वारंवार होते. घाईत नातेवाईक रुग्णाला "खासगी रुग्ण" म्हणून दाखल करतात, चार दिवसांनी कार्ड काढतात, आणि मग रुग्णालय आधीच्या दिवसांचे बिल रोखीनेच लावते. पाकिटात पैशांबरोबर कार्ड ठेवा.

रुग्णालय पॅनेलवरचे नसेल तर पैसे तुम्ही भरता आणि नंतर परताव्याचा अर्ज करता. त्यासाठी दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचे. फोन पुरेसा नाही. फोन करा, पण पाठोपाठ ईमेल किंवा लेखी अर्जही द्या. गावाहून कोणी भाचा-पुतण्या जाऊन अर्जावर शिक्का घेऊन आला तर उत्तम. प्रकृती सावरल्यावर पॅनेलवरच्या किंवा लष्करी रुग्णालयात हलवण्याबद्दल विचारणा होऊ शकते. हलवणे धोक्याचे असेल तर तसे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

परताव्यासाठी जपायचे कागद: डिस्चार्ज समरी, अंतिम बिल आणि त्याची सविस्तर फोड, सर्व मूळ पावत्या, औषधांची तारीखवार बिले, तपासण्यांचे अहवाल, स्टेंट किंवा इम्प्लांट बसवला असेल तर त्याचे बिल आणि पाकिटावरचे स्टिकर, आणि रुग्णालयाचे आणीबाणीचे प्रमाणपत्र. या शेवटच्या कागदावर बहुतेक दावे आपटतात. "रुग्ण आणीबाणीच्या अवस्थेत दाखल झाला" एवढे मोघम वाक्य चालत नाही. दाखल करतानाचा रक्तदाब, नाडी, ईसीजीतील बदल, जिवाला असलेला धोका असे नेमके लिहायला सांगा. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर समोर असतो, महिन्याभराने तो भेटत नाही. सगळ्या कागदांच्या छायाप्रती घरी ठेवा, कारण मूळ कागद गेले की परत येत नाहीत.

तीन लाख भरले, मंजूर झाले एक लाख दहा हजार. बाकीचे?

परतावा सीजीएचएसच्या दराने होतो, रुग्णालयाने लावलेल्या दराने नाही. त्यामुळे पॅनेलबाहेर गेलात की खिशाला झळ बसणारच. पण कपात का झाली याचा बाबवार तक्ता मागण्याचा अधिकार तुम्हाला आहे. तो आल्यावर दोन गोष्टी तपासा: पॅकेजबाहेरचा (उपचाराच्या ठरलेल्या एकत्रित दराबाहेरचा) इम्प्लांट पॅकेजमध्ये धरून शून्य केला आहे का, आणि पावती न सापडल्यामुळे कापलेली रक्कम किती आहे. या दोन्ही दुरुस्त होऊ शकतात.

"रुग्णालय पॅनेलवर नव्हते" एवढ्याच कारणाने पूर्ण दावा फेटाळला असेल तर शिवाकांत झा विरुद्ध भारत सरकार हा सर्वोच्च न्यायालयाचा १३ एप्रिल २०१८ चा निकाल जोडून फेरविचाराचा अर्ज करा. प्रकरण सीजीएचएसच्या पेन्शनरचे होते. न्यायालयाने म्हटले की उपचार खरोखर झाले का आणि त्यांची नोंद आहे का हे पाहायचे, यादीत नाव नाही एवढ्यावरून हक्क नाकारायचा नाही. क्रम असा: पॉलिक्लिनिक, प्रादेशिक केंद्र, दिल्लीतील ईसीएचएसची केंद्रीय संघटना. तिथूनही लेखी नकार आला तर उच्च न्यायालयात रिट याचिका. आणीबाणी नव्हतीच आणि आपण आवडीने पॅनेलबाहेर गेलो असू, तर या निकालाचा फारसा उपयोग नाही. खोटी आशा लावून वकिलाची फी भरू नका.

पॉलिक्लिनिकमध्ये औषध नाही म्हणतात.

औषध उपलब्ध नसल्याची नोंद चिठ्ठीवर करून घ्या, शिक्का आणि तारखेसह. या नोंदीवरच ठरवलेल्या औषध दुकानातून पुरवठा किंवा बाहेरून खरेदीचा परतावा अवलंबून असतो. नोंद न घेता बाहेरून औषध आणले तर पैसे मागायला आधार राहत नाही. डॉक्टरने घटकाचे नाव लिहिले असताना तोच ब्रँड हवा असा हट्ट धरता येत नाही.

मेडिकल बोर्डाने माझा आजार "सेवेमुळे नाही, सेवेने वाढलेलाही नाही" असे लिहिले. अपंगत्व पेन्शन गेली का?

नाही. सर्वात जास्त वाद याच शेऱ्यावर होतात आणि सर्वात जास्त खटले जवान इथेच जिंकतात, म्हणून जरा सविस्तर.

अपंगत्व पेन्शनला दोन गोष्टी लागतात. अपंगत्व सेवेमुळे आलेले किंवा सेवेने बळावलेले असावे, आणि ते २० टक्के किंवा जास्त असावे. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी नियमांचा अर्थ असा लावला: भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत ज्या आजाराची नोंद नव्हती, तो आजार सेवेत असताना उद्भवला असे धरायचे. तो सेवेमुळे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर, जवानावर नाही. आणि बोर्डाला तसे म्हणायचे असेल तर कारणे लिहावी लागतात. छापील रकान्यात "नाही" अशी खूण म्हणजे कारण नव्हे.

म्हणून पहिले काम, रिलीज मेडिकल बोर्डाच्या (निवृत्तीवेळचे) किंवा इनव्हॅलिडेशन मेडिकल बोर्डाच्या (वैद्यकीय कारणाने सोडतानाचे) कामकाजाची पूर्ण प्रत मिळवणे. रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करा, न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून मागा, उत्तराची मुदत ३० दिवस. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, चिलखती दलाचे अहिल्यानगरला. नौसैनिकांनी मुंबईच्या मानखुर्दमधील नाविक ब्युरोकडे लिहायचे.

प्रत आल्यावर तीन जागा पाहा. आजार पहिल्यांदा कधी आणि कोठे दिसला? तेव्हा पोस्टिंग उंचावर, दहशतवादविरोधी भागात की शांतता क्षेत्रात? आणि बोर्डाने कारण काय लिहिले? शांतता क्षेत्रात आजार सुरू झाला हे कारण पुष्कळदा दिले जाते. ते एकटे पुरेसे आहेच असे नाही.

सावधानतेची गोष्ट ही की २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांना नवे पात्रता नियम लागू आहेत, आणि त्यांत निकष अधिक आवळले आहेत. जुन्या निकालांवर आधारलेला गावातल्या मित्राचा अर्ज जशाच्या तसा उतरवू नका.

अपंगत्व ३० टक्के ठरले. ५० टक्क्यांचे पैसे मिळतात असे ऐकले.

बरोबर ऐकले. याला ब्रॉड बँडिंग म्हणतात. ५० टक्क्यांखालचे अपंगत्व ५० धरतात, ५० ते ७५ चे ७५, आणि ७६ ते १०० चे १००. सुरुवातीला हा लाभ वैद्यकीय कारणाने घरी पाठवलेल्यांपुरता होता. भारत सरकार विरुद्ध राम अवतार या १० डिसेंबर २०१४ च्या निकालाने तो मुदत संपवून नेहमीसारखे निवृत्त झालेल्यांनाही मिळाला.

हिशेब साधा आहे. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पात्र वेतनाच्या ३० टक्के मिळतात. वेतन ४०,००० रुपये असेल तर १०० टक्क्यांना १२,००० रुपये. ३० टक्क्यांना ३,६०० झाले असते, ब्रॉड बँडिंगने ५० धरल्यावर ६,००० होतात. त्यावर महागाई सवलत वेगळी. युद्धातील जखमेचे दर याहून जास्त असतात.

२० टक्क्यांखाली अपंगत्व असेल तर वाट दुभंगते. वैद्यकीय कारणाने सेवेतून काढले असेल तर सुखविंदर सिंग प्रकरणातील २०१४ च्या निकालाप्रमाणे अपंगत्व किमान २० टक्के धरून लाभ मागता येतो. पूर्ण सेवा करून निवृत्त झालात आणि बोर्डाने १५ टक्के लिहिले, तर राठोड प्रकरणातील ११ डिसेंबर २०१९ च्या निकालाने दार बंद आहे.

अपील कोठे, किती दिवसांत?

नामंजुरीचे पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील. ते फेटाळले तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरे अपील. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. अपील देऊन सहा महिने उलटले आणि उत्तरच नाही, तरीही न्यायाधिकरणात जाता येते. वर्षानुवर्षे उत्तराची वाट पाहत बसणारे पुष्कळ आहेत. तसे बसू नये.

न्यायाधिकरणाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करता येते का, हा वाद अनेक वर्षे चालला. मार्च २०२३ मध्ये परशोत्तम दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती वाट खुली असल्याचे स्पष्ट केले. सातारा किंवा रत्नागिरीच्या जवानाला दिल्ली गाठावी लागत नाही, हा त्याचा व्यवहारातला फायदा.

मी १९८९ ला सुटलो. आता उशीर झाला का?

पेन्शन दर महिन्याला देय असते, म्हणून ती न मिळणे ही चालू राहणारी हानी मानली जाते आणि उशीर माफ होऊ शकतो. पण तरसेम सिंग प्रकरणातील २००८ च्या निकालाप्रमाणे थकबाकी सहसा अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. प्रत्येक महिन्याच्या आळसाची किंमत एका महिन्याची पेन्शन, असा हा रोकडा हिशेब आहे. शिवाय पेन्शन नसलेल्यांची सेवा कागदपत्रे साधारण २५ वर्षांनी नष्ट केली जातात. मग घरातील डिस्चार्ज बुक, जुनी हॉस्पिटल स्लिप आणि नकाराचे पत्र एवढाच पुरावा उरतो. माळ्यावरच्या काळ्या ट्रंकेत पाहा.

पती वारल्यावर पत्नीला किती पेन्शन मिळते?

साधी कुटुंब पेन्शन शेवटच्या पात्र वेतनाच्या ३० टक्के, किमान ९,००० रुपये अधिक महागाई सवलत. सुरुवातीची काही वर्षे वाढीव दर असतो, ५० टक्क्यांपर्यंत. सेवेत असताना मृत्यू झाला तर तो १० वर्षे मिळतो. निवृत्तीनंतर झाला तर ७ वर्षे किंवा पतीचे वय ६७ झाले असते त्या तारखेपर्यंत, जे आधी येईल ते. मृत्यू सेवेमुळे झाला असेल तर विशेष कुटुंब पेन्शन ६० टक्के. युद्धात किंवा तशा कारवाईत झाला असेल तर उदारीकृत कुटुंब पेन्शन, म्हणजे शेवटच्या वेतनाइतकी.

मृत्यू ड्युटीवर झाला तरी पुष्कळ वीरपत्नींना साधीच पेन्शन लागलेली दिसते, कारण कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा (लष्करी चौकशीचा) निष्कर्ष कोणी पाहिलेला नसतो. पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) पेन्शनचा प्रकार लिहिलेला असतो. तो वाचा.

वय वाढले की रक्कमही वाढते: ८० व्या वर्षी २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला १०० टक्के. जुन्या पीपीओवर पत्नीची जन्मतारीखच नसते, म्हणून ही वाढ सुरूच होत नाही.

पीपीओवर "लक्ष्मीबाई", आधारवर "लक्ष्मी". चालेल का?

नाही चालत, आणि हे पती हयात असतानाच निस्तरा. भरतीनंतर गावाकडे लग्न झाले, युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर (लग्नासारखी घटना सेवा नोंदीत चढवणारा आदेश) निघाली नाही, किंवा क्लार्कने नाव ऐकू आले तसे लिहिले, ही नेहमीची कारणे. पती हयात असताना त्याच्या सहीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, लग्नाचा पुरावा आणि आधार-पॅनच्या प्रती रेकॉर्ड ऑफिसला पाठवल्या की दुरुस्ती पीपीओ निघतो. तो वारल्यावर तेच काम विधवेला महिनोन्महिने पुरते. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. तिथले कल्याण संघटक कागद बघून देतात आणि पत्राची नोंद राहते.

स्पर्शवर (संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन व्यवस्थेवर) आल्यापासून पेन्शन अचानक थांबली.

दहापैकी बहुतेक वेळा कारण हयातीचा दाखला असते. तो वर्षातून एकदा द्यावा लागतो, बहुतेकांचा नोव्हेंबरमध्ये. फोनवरून चेहरा ओळखून जीवन प्रमाण (डिजिटल हयातीचा दाखला) काढता येते, किंवा स्पर्श सेवा केंद्र आणि सीएससी केंद्रावर जाता येते. दाखला काढताना पेन्शन देणारी संस्था म्हणून जुनी बँक निवडली तर तो दाखला प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयापर्यंत पोहोचतच नाही. स्पर्शवरच्यांनी संरक्षण विभाग आणि स्पर्श हेच पर्याय निवडायचे. दाखला स्वीकारला गेला का हे दोन-तीन दिवसांनी पाहा. "काढला" म्हणजे "मान्य झाला" नव्हे.

याच निमित्ताने विकलेल्या (एकरकमी पैसे घेऊन सोडलेल्या) पेन्शनचा भाग १५ वर्षांनी पूर्ववत झाला का, आणि १ जुलै २०२४ पासूनची समान हुद्दा समान पेन्शनची सुधारणा लागली का, हेही तपासून घ्या.

बँकेने चुकून जास्त पेन्शन दिली होती, आता कापून घेत आहेत.

रफिक मसीह प्रकरणातील १८ डिसेंबर २०१४ चा निकाल निवृत्त कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करण्याला मनाई करतो, मात्र चूक त्यांच्या लबाडीमुळे झालेली नसावी. उलट बाजूला जगदेव सिंग प्रकरणातील २०१६ चा निकाल आहे: "जास्त आल्यास परत करीन" असे हमीपत्र दिले असेल तर वसुली टिकू शकते. ते प्रकरण न्यायिक अधिकाऱ्याचे होते. म्हणून बँकेकडे आधी दोन गोष्टी मागा: वसुलीचा महिनावार तक्ता आणि तुमच्या सहीचे हमीपत्र.

पेन्शन नसलेल्या माजी सैनिकाला काही आहे का?

केंद्रीय सैनिक बोर्डाच्या योजना आहेत. ६५ वर्षांवरील, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, पेन्शन नसलेल्यांना किंवा त्यांच्या विधवांना १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांवर दरमहा ८,००० रुपये. मुलांच्या शिक्षणासाठी महिना २,००० रुपये, दोन मुलांपर्यंत. मुलीच्या लग्नाला १,००,००० रुपये, दोन मुलींपर्यंत. लग्नाचा अर्ज १८० दिवसांत करावा लागतो आणि बरेच जण वर्षश्राद्ध झाल्यासारखे वर्षाने येतात. अर्ज ऑनलाइन, तपासणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची.

घरपट्टी माफ आहे का?

महाराष्ट्रात २०२० पासून माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना एका घरापुरती माफी आहे. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेला द्यायचे. ती आपोआप लागत नाही.

अग्निवीराला चार वर्षांनंतर ईसीएचएस मिळते का?

नाही. पेन्शन आणि ग्रॅच्युइटीही नाही. नियमित सेवेत घेतलेल्यांना पुढे नेहमीचे नियम लागू होतात.

मुलाकडे परदेशात राहतो.

तिथल्या उपचारांचा खर्च ईसीएचएस देत नाही, वेगळा विमा घ्या. हयातीचा दाखला भारतीय दूतावासातून देता येतो, किंवा फोनवरून.

वकील परवडत नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. म्हणजे वीरपत्नीला आणि अपंग जवानाला उत्पन्नाचा दाखला काढत बसायची गरज नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्यायचा. जुलै २०२५ मध्ये सुरू झालेल्या वीर परिवार सहायता योजनेतून सैनिक मंडळांच्या कार्यालयांतही कायदेविषयक मदत केंद्रे उघडली जात आहेत, तेव्हा आधी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वकील कोणत्या वारी बसतात ते विचारा. जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ, मेडिकल बोर्डाची प्रत आणि नकाराचे पत्र न्या. नकाराचे पत्र आले त्या लिफाफ्यावरचा टपालाचा शिक्काही जपा, कारण सहा महिन्यांची मुदत कधीपासून मोजायची यावर वाद झाला तर पत्र कधी हाती पडले हे त्यावरून दाखवता येते.